संख्येची फोड: पहिलीच्या वर्गात आठ अधिक पाच कसे शिकवावे?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार. मी करवीर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीचा वर्ग शिकवते. वर्गात २३ मुले आहेत आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी बहुतेकांची नऊपर्यंतची बेरीज समाधानकारक झाली होती. अडचण आली ती दहा ओलांडताना. फळ्यावर ८ + ५ लिहिले की मुले आधी आठ बोटे उघडतात, मग आणखी पाच उघडायला जातात आणि बोटे संपतात. कोणी शेजाऱ्याची बोटे मागून घेतो, कोणी पाटीवर तेरा रेघा ओढून पहिल्या रेघेपासून पुन्हा मोजतो. उत्तर बहुधा बरोबर येते, त्यामुळे वही तपासताना काही उणे दिसत नाही. पण जवळ बसून पाहिले की लक्षात येते की या मुलांना आठ गाठायचे असेल तर दर वेळी एकापासून चालत यावे लागते. आठ ही एकदम हातात घेता येईल अशी गोष्ट त्यांच्यासाठी अजून झालेली नाही.

म्हणून मी संख्या फोडून बेरीज शिकवायला घेतली. ‘आठाला दहा व्हायला दोन कमी, पाचातले दोन आठाला द्या, उरले तीन, दहा आणि तीन तेरा’ असे फळ्यावर मांडले आणि मुलांकडून म्हणून घेतले. चार दिवसांनी जे दिसले त्याने मी अस्वस्थ झाले. एका मुलीने ८ + ५ = १० लिहून बाजूला एकटा ३ लिहिला आणि ‘बाई, तीन उरले’ असे सांगितले. एका मुलाने ४ + ३ करतानाही ‘चाराला दहा व्हायला सहा कमी’ असे म्हणत तिनातून सहा काढायचा प्रयत्न केला आणि ते जमेना तेव्हा तो रडवेला झाला. यात मुलांची चूक नाही, माझ्या शिकवण्यात काहीतरी राहून गेले आहे, एवढे मला कळते. पण नेमके कुठे, ते कळत नाही.

हा क्रम कुठून सुरू करावा, प्रत्येक टप्प्याला किती दिवस द्यावेत आणि साहित्य कोणते वापरावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे. पालकही विचारू लागले आहेत की इतरत्र हातच्याची बेरीज सुरू झाली असताना आमची मुले अजून चिंचोकेच का मोजतात.

चिंचोका

ताई, मी ३१ वर्षे प्राथमिक शाळेत होतो, त्यांतील निम्मी वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. काय राहून गेले ते तुम्ही दिलेल्या दोन उदाहरणांतच दिसते आहे.

८ + ५ दहावरून करायचे असेल तर मुलाला तीन गोष्टी आधीच, न मोजता, याव्या लागतात. आठाला दहा व्हायला दोन लागतात ही एक. पाच म्हणजे दोन आणि तीन ही दुसरी. दहा आणि तीन म्हणजे तेरा ही तिसरी. या तिन्ही पक्क्या असतील तर मुलाला तुम्ही पद्धत सांगितली नाही तरी एखाद्या दिवशी ते आपोआप तसे करील. आणि यांतील एक जरी कच्ची असेल तर तुम्ही सांगितलेले वाक्य त्याच्यासाठी पाठ करायची कविता होते. तुमच्या विद्यार्थिनीच्या पहिल्या दोन गोष्टी झाल्या आहेत. दहा आणि उरलेले तीन मिळून एकच संख्या होते हे तिला अजून दिसलेले नाही, म्हणून तिने तीन बाहेर ठेवले. त्या मुलाचे तर गणित चुकलेलेच नाही. चाराला दहा व्हायला सहाच लागतात. कधी दहाकडे जायचे आणि कधी जायची गरज नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

या तिन्हींच्याही आधीची एक गोष्ट आहे. फोडल्याने संख्या बदलत नाही, ही मुलाची खात्री झालेली असावी लागते. गुऱ्हाळे असलेल्या गावांत मी गुळाच्या रव्याचे, म्हणजे ढेपेचे, उदाहरण देत असे: रवा फोडला, तुकडे चार घरी गेले, तरी गूळ होता तेवढाच आहे. आपल्याला यात सांगण्यासारखे काही वाटत नाही, परंतु ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की ओळीत मांडलेल्या वस्तू नुसत्या पसरून ठेवल्या तरी पाच-सहा वर्षांच्या पुष्कळ मुलांना त्या वाढल्या असे वाटते. अशा मुलाला ‘पाच म्हणजेच दोन आणि तीन’ हे वाक्य खरे कसे वाटावे? म्हणून पाच चिंचोके घ्यावेत, दोन गट करावेत, पुन्हा एकत्र करून मोजू द्यावेत, पुन्हा वेगळे गट करावेत. मुलाने ‘मोजायचे कशाला, पाचच आहेत’ असे स्वतः म्हणेपर्यंत हे चालू ठेवावे.

त्यानंतर मुठीचा खेळ. मुलाने पाच चिंचोके मोजून आपल्या हातात द्यायचे, आपण ते दोन मुठींत वाटून घ्यायचे आणि एक मूठ उघडायची. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण मुलांना फार आवडते. उघड्या मुठीत दोन दिसले तर झाकलेल्या मुठीत किती, हे मुलाने सांगायचे आणि मग मूठ उघडून पडताळा घ्यायचा. एखाद्या वेळी एक मूठ रिकामी ठेवावी. पाच आणि शून्य हीसुद्धा पाचाची फोड आहे आणि ती मुले फळ्यावरून कधीच शिकत नाहीत.

पाचापासून सुरुवात करण्याचे कारण असे की तीन-चार वस्तू माणसाच्या नजरेला न मोजता कळतात, त्यापुढे नजरेला गट लागतात, आणि पाचाचा गट प्रत्येक मुलाच्या हाताला जन्मतः आहे. पाच पक्के झाले की सहा म्हणजे पाच आणि एक, सात म्हणजे पाच आणि दोन, असे नऊपर्यंत जावे. मगच दहाच्या जोड्या घ्याव्यात: नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच. दहाच्या जोड्यांना मी कमीत कमी तीन आठवडे देत असे, आणि त्या काळात दहा ओलांडणारी एकही बेरीज फळ्यावर लिहीत नसे.

रंकाळाकाठ

गुरुजी, तुम्ही सांगितलेल्या तिसऱ्या गोष्टीबद्दल मला विचारायचे आहे. मी शिक्षिका नाही. माझी मुलगी पहिलीत आहे आणि मी रोज तिचा अभ्यास घेते. दहाच्या जोड्या तिला झोपेतून उठवून विचारल्या तरी येतात. परंतु ‘दहा आणि चार किती?’ असे विचारले की ती पुन्हा अकरा, बारा, तेरा, चौदा असे मोजत जाते. मला आश्चर्य वाटते, कारण १४ लिहिताना ती एक दशक आणि चार एकक हे अचूक सांगते. लिहिताना जे कळते ते बोलताना का हरवते?

सीमाभागकर

याचे कारण आपल्या शब्दांत आहे असे मला वाटते. आमच्या घरी आई कन्नड बोलणारी आणि वडील मराठी, त्यामुळे लहानपणी मी दोन्ही भाषांत मोजायला शिकलो. कन्नडमध्ये दहाला ‘हत्तु’ आणि तिनाला ‘मूरु’ म्हणतात. तेरा म्हणजे ‘हदिमूरु’. चाराला ‘नाल्कु’, चौदा म्हणजे ‘हदिनाल्कु’. म्हणजे दहा आणि तीन, दहा आणि चार हे मुलाच्या कानावर आपोआपच पडते. एकवीसही ‘इप्पत्तोंदु’, आधी वीस आणि मग एक, लिहितो त्याच क्रमाने. जपानी आणि चिनी भाषांत तर तेराला सरळ ‘दहा-तीन’ असेच म्हणतात.

मराठीत दहा लपलेला आहे. संस्कृत ‘त्रयोदश’ झिजत झिजत ‘तेरा’ झाले. अकरा, बारा, पंधरा, सतरा, अठरा यांच्या शेवटचा ‘रा’ हा मूळचा ‘दश’ आहे, पण सहा वर्षांच्या मुलाने तो कसा ओळखावा? चौदा आणि सोळा यांत तर तेवढीही खूण सारखी राहिलेली नाही. एकोणिसाची गोष्ट आणखी वेगळी. ‘एकोनविंशति’ म्हणजे एकाने उणे असलेले वीस. शब्द विसाकडे बोट दाखवतो आणि लिहिताना मात्र दशकाच्या घरात १ येतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. त्या वेळी गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. तो बदल एकवीस ते नव्व्याण्णव या संख्यांपुरता होता. अकरा ते एकोणीस तसेच राहिले, आणि पहिलीच्या मुलाची खरी अडचण नेमकी तिथे आहे.

चिंचोका

फार मोलाचे लिहिलेत. मी यावर वर्गात एक साधा उपाय करीत असे. दोन आठवडे प्रत्येक संख्येला दोन नावे ठेवायची: एक घरचे आणि एक पूर्ण. तेरा हे घरचे नाव, ‘दहा तीन’ हे पूर्ण नाव. हजेरीच्या वेळी मी पटावरचा क्रमांक पूर्ण नावाने पुकारायचो, मुलाने घरच्या नावाने उत्तर द्यायचे. दुसऱ्या दिवशी उलट. शेजारी दहा काड्यांचा बांधलेला गठ्ठा आणि सुट्या काड्या ठेवलेल्या असत. एकोणिसाला मुले ‘दहा नऊ’ म्हणायची आणि मग विसाला एक कमी का म्हणतात ते काड्यांवर पाहायची. ‘तेरा’ हा शब्द मात्र सोडू नये. तो मुलाच्या घरातला, बाजारातला, आजीच्या तोंडचा शब्द आहे.

हिशेबवही

लक्ष्मीपुरीत माझे धान्याचे दुकान आहे. मुलगा शहरातल्या एका शाळेत दुसरीत शिकतो, शाळेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. गेल्या महिन्यात त्याने ७ + ८ हे गणित ‘सात आणि सात चौदा, आणि एक पंधरा’ असे केले आणि तसे वहीत लिहिले. उत्तर बरोबर असूनही त्यावर फुली आली, कारण चौकटीत सातातून किंवा आठातून तुकडा काढून दहा करून दाखवायचे होते. तेव्हापासून तो प्रत्येक बेरजेआधी मला विचारतो की बाबा, ही कोणत्या पद्धतीने करायची. आधी हा मुलगा आकड्यांशी खेळायचा. आता तो आकडे समोर आले की माझ्या चेहऱ्याकडे पाहतो.

मी या पद्धतीच्या विरोधात नाही. दुकानात ४८ आणि ३७ यांची बेरीज मी स्वतः ‘पन्नास आणि पस्तीस’ अशीच करतो, आणि मला ती कोणी शिकवल्याचे आठवत नाही. पण फोड करण्याची सुद्धा एकच ठरलेली रीत पाठ करून घ्यायची असेल, तर आमची उजळणी आणि हातचा यांत काय वाईट होते, हे मला कोणीतरी नीट समजावून सांगावे. मी हे रागाने विचारत नाही.

दशकएकक

मी अध्यापक विद्यालयात भावी शिक्षकांना गणिताचे अध्यापन शिकवते. हिशेबवही दादांचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मुलगा चुकलेला नाही. त्याने आठाची फोड सात आणि एक अशी केली, कारण सातांची दुप्पट त्याला पाठ होती. दुसरे मूल आठाची फोड तीन आणि पाच अशी करील, सातात तीन मिळवून दहा करील आणि दहा आणि पाच पंधरा म्हणेल. तिसरे मूल दोन्ही संख्यांतून हाताचे पाच बाजूला काढील: पाच आणि पाच दहा, राहिले दोन आणि तीन, म्हणजे आणखी पाच. तिघांनीही संख्या फोडली आहे, तिघांनीही आपल्याला जे आधीपासून येते त्याच्या आधाराने जे येत नाही ते मिळवले आहे. हे करता येणे हाच या शिक्षणाचा हेतू आहे. दहा करणे ही त्यांतील सर्वांत उपयोगी फोड आहे, कारण आपली अंकलेखनाची पद्धत दहाची आहे. परंतु ती एकमेव फोड नाही. ज्या चौकटीत मुलाची फोड बसली नाही ती चौकट बदलावी, फुली मारू नये. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की ७ + ८ फळ्यावर लिहून उत्तर विचारण्याऐवजी ‘तू कसे केलेस?’ असे पाच मुलांना विचारा आणि पाचही रीती मुलांच्या शब्दांत फळ्यावर लिहा. तेवढ्यात तास संपला तरी चालेल.

आता हातच्याविषयी. हातचा वाईट नाही, घाईने आलेला हातचा वाईट आहे. २७ + १५ ही उभी मांडणी दिली तर दरवर्षी काही मुले ३१२ असे उत्तर लिहितात: सात आणि पाच बारा, ते खाली लिहिले, दोन आणि एक तीन, ते शेजारी लिहिले. या मुलांना बेरीज येत नाही असे म्हणता येणार नाही, दोन्ही बेरजा बरोबर आहेत. बारा म्हणजे एक दशक आणि दोन, आणि हातात धरलेला तो ‘एक’ म्हणजे दहा आहे, हे त्यांना दिसत नाही. ज्या मुलाने पहिलीत बाराची फोड दहा आणि दोन अशी शंभर वेळा हाताने केली आहे, त्याला हातचा समजावून सांगावा लागत नाही. त्याला तो फक्त कुठे लिहायचा एवढे दाखवावे लागते.

बोटांवर मोजणाऱ्या मुलांबद्दल पाटीपेन्सिल ताईंना एक सांगायचे आहे. सगळे पहिल्यापासून मोजणे आणि संख्या फोडणे यांच्या मध्ये एक पायरी असते, ती ओलांडून जाऊ नका. आठ मनात धरायचे आणि पुढे नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा असे पाच मोजायचे, ही ती पायरी. ३ + ८ दिले असता मूल आपण होऊन आठापासून मोजायला लागले, तर समजावे की संख्यांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते हे त्याला उमगले आहे. अशा मुलाला मागे ओढून फोड शिकवण्याची घाई करू नये. त्याला आठ ही संख्या हातात धरता आली आहे. आता ती फोडायलाही ते लवकरच शिकेल.

आणखी एक बारीक पण फार नुकसान करणारी गोष्ट बरोबरच्या चिन्हाची. आपण वर्षभर २ + ३ = ५ असेच लिहितो, त्यामुळे मुलांच्या मनात बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम होतो. अशा मुलांसमोर ५ = २ + ३ लिहिले की ती म्हणतात, बाई, उलटे लिहिले. आणि फोडीच्या बेरजेत शिक्षकच कधी कधी ८ + २ = १० + ३ = १३ असे एका ओळीत लिहून टाकतात; आठ आणि दोन हे दहा आणि तीन यांच्याबरोबर कसे होतील? त्यापेक्षा ८ + ५ = ८ + २ + ३ लिहावे, त्याखाली = १० + ३, त्याखाली = १३. ‘आठ अधिक पाच’ आणि ‘दहा अधिक तीन’ हे एकाच संख्येचे दोन पोशाख आहेत, हे त्या चिन्हानेच सांगायचे असते.

हिशेबवही

ताई, मनापासून आभार. आज रात्री मुलाबरोबर बसून त्याच गणिताच्या तीनही रीती करून पाहिल्या. चौथी त्याने काढली: आठ आणि आठ सोळा, त्यातून एक काढला. वर्गशिक्षिकांनाही भेटून हे शांतपणे सांगणार आहे.

रंकाळाकाठ

साहित्याचे एक सुचवते. तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे मिळतो, त्यात पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळी कापल्या की दहा खळग्यांची तीन घरे तयार होतात. मुलगी आठ मणी ठेवते तेव्हा वरची ओळ पूर्ण भरते, खाली तीन बसतात आणि दोन खळगे रिकामे राहतात. दहाला किती कमी, हे तिला विचारावे लागत नाही. दुसऱ्या घरात पाच मणी ठेवायचे आणि त्यांतील दोन उचलून पहिले घर भरायचे. किराणा दुकानदार रिकामे ट्रे फुकट देतात.

पाटीपेन्सिल (चार आठवड्यांनंतर)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, म्हणून काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

दहा ओलांडणाऱ्या सर्व बेरजा मी त्याच आठवड्यात बंद केल्या आणि पाच चिंचोक्यांवर परत गेले. मनात धाकधूक होती, कारण निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या संख्यांची अपेक्षा आहे आणि मी वर्ग पाचावर आणून ठेवला होता. पण पाचाच्या मुठीला चारच दिवस लागले. ‘फोड’ हा शब्द मात्र मुलांना सुरुवातीला खटकला. एकाने विचारले की फोडल्यावर संख्या परत जोडता येते का, काच तर जोडता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन पेरू घेऊन गेले, फोडी केल्या, त्या परत जुळवून पेरू उभा केला, आणि मग सगळ्यांनी खाल्ला. त्या दिवसापासून फोड म्हणजे पेरूची फोड, आणि हा प्रश्न पुन्हा आला नाही.

सहा ते नऊ या संख्या हातावर झाल्या. दहाच्या जोड्यांसाठी अंड्यांच्या ट्रेची बारा घरे कापली. गुरुजींनी सांगितलेली दोन नावे हजेरीत सुरू केली, आणि माझ्या कल्पनेपेक्षा अधिक उपयोग याच गोष्टीचा झाला. बाजूला तीन लिहिणारी ती मुलगी हजेरीत तेराव्या क्रमांकावर आहे. रोज सकाळी मी ‘दहा तीन’ म्हणायचे आणि ती ‘तेरा’ म्हणून हात वर करायची. गेल्या सोमवारी पोषण आहाराच्या वेळी माझ्या वर्गाच्या एका पंगतीत नऊ जण होते आणि समोरच्या पंगतीत चार. ताटे किती आणायची असे मदतनीस मावशींनी विचारले. या मुलीने समोरच्या पंगतीतल्या एका मुलाला हाताला धरून नऊ जणांच्या पंगतीत बसवले आणि म्हणाली, ‘मावशी, दहा तीन. तेरा आणा.’ मी तिला काहीही विचारले नव्हते.

पालकसभेत भाषण न करता मुठीचा खेळ खेळले. प्रत्येक पालकाने आपल्या मुलासमोर दहा चिंचोके धरले. मुले ज्या वेगाने उत्तरे देत होती ते पाहिल्यावर हातच्याबद्दल कोणी विचारले नाही. एका आजोबांनी मात्र विचारले की हे वजाबाकीलाही चालते का, आणि ते मीही तुम्हाला विचारते.

दोन मुले अजून मागे आहेत. ती पाचाच्या मुठीलाही बोटे उघडून पहिल्यापासून मोजतात. त्यांना वर्गाबरोबर पुढे न्यावे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

दशकएकक

वजाबाकीला चालते, आणि तिथे दोन वाटा आहेत. १३ − ५ मध्ये पाचाची फोड तीन आणि दोन अशी केली तर तेरातून तीन गेले, दहा राहिले, दहातून दोन गेले, आठ राहिले. किंवा तेराची फोड दहा आणि तीन अशी करून पाच हे दहातून काढावेत. राहिले पाच, त्यांत बाजूचे तीन मिळवले की आठ. दुसरी वाट अनेक मुलांना सोपी जाते, कारण तिच्यात वजाबाकी एकदाच करायची असते. दोन्ही दाखवा, निवड मुलांवर सोडा. परंतु दहातून काढण्याच्या जोड्या पक्क्या झाल्याशिवाय एकही सुरू करू नका.

चिंचोका

त्या दोन मुलांबद्दल. वर्गाबरोबर बसू द्या, पण त्यांची मूठ वेगळी ठेवा. पाचाला अडखळत असतील तर चार चिंचोके घ्या, चाराला अडखळली तर तीन. तिनाला एकही मूल अडखळत नाही, आणि जिथे अडखळत नाही तिथून वर चढायचे. रोज पाच मिनिटे पुरेत, मधल्या सुट्टीच्या आधी, बाकीची मुले पाटीवर काही लिहीत असताना.

आणि एक करून पाहा. मूठ त्यांच्या हातात द्या: लपवणारी ती आणि ओळखणाऱ्या तुम्ही. लपवणाऱ्याला दोन्ही मुठींत किती आहेत ते आधी ठरवावे लागते, म्हणजे फोड त्याची त्याने केलेली असते. अधूनमधून तुम्ही उत्तर मुद्दाम चुकवा आणि ती तुम्हाला दुरुस्त करतात का ते पाहा. ज्या दिवशी मूठ न उघडता दुरुस्त करतील, त्या दिवशी पाच चिंचोके द्या.

चिंचोके कमी पडत असतील तर कळवा. माझ्याकडे घासून गुळगुळीत केलेले डबाभर आहेत, शाळेत पोहोचवण्याची व्यवस्था करतो.